एकेचाळिसावी घागर

अर्जुनराव सेक्रेटरींनी दुपारचं जेवण उरकलं, पान जमवलं आणि माहितीपत्रकाचे कागद मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले. काम तसं साधंच होतं. सोसायटीच्या दुसऱ्या टप्प्याचे प्लॉट पाडून झाले होते, आणि चेअरमन सुंदररावांनी मनावर घेतलं होतं की लोकांना नुसता नकाशा दाखवून भागायचं नाही. वसाहतीचा इतिहास आणि तिथल्या सुखसोयी असं चार पानी काहीतरी छापून वाटायचं. महिनाअखेर मजकूर माजलगावच्या छापखान्यात पोचायला हवा होता. तो लिहायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता. अक्षर वळणदार, भाषा सरकारी, आणि नदीकाठच्या त्या माळावर पहिली खुंटी ठोकली तेव्हापासून हजर असलेला माणूस म्हणजे अर्जुनरावच.

सुखसोयींचं पान हां हां म्हणता भरलं. चाळीस पक्की घरं. दोन रुंद रस्ते. दत्ताचं देऊळ. वाचनालय, ज्याची किल्ली गेल्या वर्षापासून सापडत नव्हती, पण तसलं काही लिहायचं नसतं. बालोद्यानात झोपाळे, घसरगुंडी आणि जुन्या बाभळीची सावली. सिंदफणा नदीवरून येणारी मोकळी हवा. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, संस्थेची स्वतःची बारमाही विहीर. 'बारमाही'पाशी मात्र त्यांचा हात थबकला. ते साल शहाऐंशीचं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नावाला पडला होता, नदीत वाळूशिवाय काही उरलं नव्हतं, आणि अकरा वर्षांत कधी न आटलेल्या त्या विहिरीने तळ दाखवला होता.

मोटार केव्हाच वर काढून ठेवली होती. दिवसभरात झऱ्यांतून जे काय साचेल ते दुपारी चार वाजता रहाटाने ओढायचं, प्यायला घरटी एक घागर. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली अर्जुनरावांच्या करगोट्याला. बायका सकाळची कामं आवरली की आपापली घागर रांगेत लावून जात आणि चारच्या सुमाराला परत येत. मधल्या वेळात रांगेत माणूस नसे. नुसती भांडी उन्हात उभी. आपल्याकडे घागर लावली म्हणजे माणूस उभा राहिला, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नसे. साध्या गोष्टीवरून गल्ली डोक्यावर घेणारी बायनाबाईसुद्धा नाही. त्यावर एकच नियम होता, आणि तो अर्जुनरावांनी स्वतः तेलरंगाने कठड्यावर लिहिला होता. नंबर आल्यावर ज्याचं माणूस हजर नाही, त्याची घागर शेवटी. शिस्तीशिवाय सहकार चालत नाही, असं ते प्रत्येक वार्षिक सभेत म्हणत, आणि टाळ्याही पडत.

तर सुखसोयी झाल्या; घोडं अडलं ते इतिहासापाशी. 'ही जागा पूर्वी पडीक होती' एवढं लिहून त्यांनी मान वर केली. समोर रांग होती. सवयीने त्यांनी भांडी मोजली. एकेचाळीस.

पुन्हा मोजली. एकेचाळीसच. प्लास्टिकच्या लाल-निळ्या घागरी, स्टीलचे हंडे, दोन-चार पितळी कळशा, आणि अगदी शेवटी एक तांब्याची घागर, जुनी, कळकून हिरवी पडलेली. कुणाकडे पाहुणे आले असतील, असं मनाशी म्हणून त्यांनी कागद गुंडाळले.

चार वाजता जाळी उघडली, रहाट कुरकुरायला लागला. पहिली घागर नेहमीप्रमाणे त्यांच्या घरची. सेक्रेटरींच्या बायकोने पहिलं पाणी भरायचं हा काही लिहिलेला नियम नव्हता, पण रुक्मिणीबाई पहाटेच उठून घागर लावत, म्हणून कुणाला बोलायला जागा नव्हती. चाळीस घरांची चाळीस भांडी भरली आणि पोहऱ्यात चिखल आला. तांब्याची घागर तशीच राहिली.

"कोनाची हाय ही?" अर्जुनरावांनी विचारलं.

"आमाला वाटलं तुमच्यातलीच हाय," बायनाबाई म्हणाली. "भांडं जुनं दिसतंय. आसंल कुनाच्या आज्जीचं."

सगळ्या हसल्या आणि घागरी डोक्यावर घेऊन गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर तांब्याची घागर तिथं नव्हती. ज्याची होती त्याने नेली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती छत्तिसावी होती.

हे अर्जुनरावांना रुचलं नाही. मध्ये घुसणं म्हणजे घुसणं. चार वाजता पस्तीस भांडी भरली, त्या घागरीचा नंबर आला आणि कुणीच पुढे होईना. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांनी दोनदा हाक दिली, थोडा वेळ थांबले आणि नियमाप्रमाणे ती मागे सारली. हाताने नव्हे. वाकायचा कंटाळा म्हणून म्हणा किंवा हुद्द्याची सवय म्हणून म्हणा, त्यांनी ती पायाने सारली.

सारताना चपलेतून बोटांना गार लागलं. मे महिन्यातलं ऊन, दिवसभर तापलेलं तांबं. त्यावर पापड भाजला असता. ही घागर मात्र माठासारखी गार होती, आणि ती हलली तिथं जमिनीवर ओल्या वाळूचं वर्तुळ उमटलं होतं. घागरीच्या डाव्या कुशीला एक पोचा होता. अर्जुनरावांची चप्पल नेमकी त्या पोच्यात बसली होती.

तो पोचा त्यांनी ओळखला होता.

माहितीपत्रकात जो इतिहास लिहायचा नव्हता तो असा. बहात्तर साली इथं वसाहत नव्हती, खडी केंद्र होतं. दुष्काळी कामावरची तीनशे माणसं नदीकाठी पालं ठोकून राहत होती आणि दिवसभर दगड फोडत होती. अर्जुनराव तेव्हा छत्तीस वर्षांचे, हजेरी कारकून. पाण्याची रांगही त्यांच्याकडेच. दिवसातून एक टँकर येई. त्याशिवायचं पाणी म्हणजे नदीच्या वाळूत माणूसभर खोल खणलेले झिरे. त्यात उतरायचं, तळाला पाझरेल तेवढं करवंटीने खरवडून भांड्यात घ्यायचं. कडूबाई नावाची एक मेंढक्याची बायको कामावर होती. नवरा म्हाळू मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेलेला. पदरात वर्षाचं पोर, त्याला हगवण लागलेली. त्या दिवशी तिने अंधार असतानाच घागर लावली, पहिला नंबर धरला आणि पोराजवळ पालात जाऊन बसली. टँकर नेमका लवकर आला.

"लेकरू आजारी हाय तिचं, भरू द्या की," कुणीतरी म्हणालं होतं.

नियम तो नियम, असं अर्जुनराव म्हणाले होते. आणि तिची घागर पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर गेली, पायाने. त्यांच्या पायात तेव्हा सरकारी बूट होते. घागरीला पोचा आला. सात-आठ भांडी राहिली असताना टँकर संपला. कडूबाई आली, तिने घागरीत डोकावून बघितलं आणि एक शब्दही न बोलता ती उचलून नेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं पुढे कित्येक वर्षं अर्जुनरावांना वाटत राहिलं. दिवस मावळता मावळता ती पोराला कमरेवर घेऊन आपल्या झिऱ्यात उतरली आणि तळ आणखी खोल खरवडायला लागली. वाळूची भिंत आली खाली. लोकांनी वाळू उपसून त्यांना बाहेर काढलं तेव्हा लेकरू कमरेवरच होतं.

काठावरच्या एका बाभळीखाली दोघांना पुरलं. अर्जुनरावांनी वरती कळवलं, वाळू ढासळून अपघात. पुढे सोसायटी झाली, आणि कडूबाईच्या झिऱ्याच्या रेषेत काठावर विहीर घ्यावी असं त्यांनीच सुचवलं. पाणी लागणारच होतं. जमीन सपाट करताना बाभळ तेवढी तोडू दिली नाही आणि नकाशावर तिच्याभोवती चौकोन काढून आत लिहिलं, 'बालोद्यानासाठी राखीव'. त्या जागेवर कुणाचं घर उभं राहू नये एवढंच त्यांना हवं होतं. सुंदरराव सगळ्यांना सांगत, याला म्हणतात दूरदृष्टी.

आता ती घागर रोज दुपारी रांगेत यायला लागली. एकतिसाव्या जागी, मग सव्विसाव्या, मग एकविसाव्या. ती कुणी लावताना दिसत नसे. अर्जुनराव एक दिवस ओट्यावर डोळ्यांत तेल घालून बसले. घोटभर पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात ती आली होती. बायकांच्या हसण्याची जागा कुजबुजीने घेतली. तिच्या मागे-पुढे घागर लावायला त्या कचरायला लागल्या, आणि रांगेत तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहू लागली. नंबर आला की अर्जुनराव ती मागे सारत, आता पायाने नाही, काठीने; आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी चार-पाच घरं पुढे.

टळटळीत दुपारी, कुत्रीसुद्धा सावलीत निपचित पडलेली असताना, नदीच्या बाजूने एक आवाजही यायला लागला. खर्र... मग थोडी शांतता. मग पुन्हा खर्र... करवंटीने ओली वाळू खरवडल्याचा.

हे सगळं त्यांनी एकट्याने निभावलं असतं. अर्जुनराव भुताखेताला भिणारे नव्हते. आयुष्यभर भ्यायले ते फक्त वरिष्ठांना. पण एका दुपारी रुक्मिणीबाई ज्वारी निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "अवो, बाभळीखाली कोनाचं लेकरू रडतंय वो? तीन-चार दिस झाले आयकतेय."

"कुणाचं न्हाई. मांजर आसंल."

"मांजराचं रडनं मला कळतंय की." त्या उठून दारात गेल्या. "कशी आई म्हनावं. इतक्या उन्हात उघडं टाकून..."

अर्जुनराव झटकन उठले आणि त्यांनी दाराला आडवा हात लावला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पहिली दहा वर्षं रुक्मिणीबाईंनी नवस केले, पुढची पाच वर्षं त्या रडल्या, आणि मग त्यांनी तो विषयच कायमचा आत ठेवून दिला. आज इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा पुन्हा त्या नवसाच्या दिवसांसारखा झाला होता. रडणं वसाहतीत दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हतं. अर्जुनरावांनाही नाही. ते ऐकू येत होतं फक्त त्यांच्या बायकोला. आपण काय गमावू शकतो हे त्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

"तू तिकडं जायाचं न्हाई," ते म्हणाले. "माझी शपत हाय."

त्या गेल्या नाहीत. पण रोज दुपारी दारात उभ्या राहायला लागल्या. घागर सतरावी होती.

म्हाळूचा पत्ता काढायला त्यांना दोन दिवस लागले. दिंद्रुडच्या पुढे एका बोडक्या शेतात त्याची मेंढरं बसली होती. एस.टी.तून उतरून अर्जुनराव दोन मैल चालत गेले. म्हाळू आता साठीला टेकलेला, डोळ्यांत पडदा आलेला. आवाजावरून त्याने ओळखलं आणि घोंगडी झटकून पसरली.

"बसा, कारकून."

अर्जुनराव बसले. कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हाळू, कडूबाईची घागर कुठं हाय?"

म्हाळूने हातातली काठी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "तिच्यापाशीच. मी तिसऱ्या दिशी आलतो. लोकांनी माती लोटून टाकली व्हती. तोंडात घालाया घोटभर पानी सुदीक कुनाजवळ न्हवतं. मंग मीच घागर पुरली उशाला. रिकामीच पुरली, कारकून. भरून द्याया व्हतं काय?"

"ती... ती आता रांगेत येतीय."

म्हाळू दचकला नाही. एखादं मेंढरू मागे राहिलंय असं सांगितल्यासारखं त्याने ऐकून घेतलं. "कितव्या नंबरावर हाय?"

"आज सातवी आसंल."

"मंग दोनच दिस ऱ्हायले." तो काठीच्या टोकाने मातीत उगीच टोकरत राहिला. "पैल्या नंबराला आली की भरा. बाभळीखाली न्हेऊन वता. पन ज्यानं सारली त्यानंच वडायची, त्यानंच न्ह्यायची. दुसऱ्या कुनाच्या हातनं देऊ नगा. ती मंग त्यालाच धरून ऱ्हाईल."

अर्जुनरावांनी मान डोलावली. निघताना त्यांच्या तोंडून "माफ कर" असं काहीतरी निघालं. म्हाळू म्हणाला, "मला कावून म्हनता? माजी तहान न्हवती ती."

परतीच्या एस.टी.त त्यांनी ठरवून टाकलं. काय अवघड आहे? एक घागर ओढायची, शंभर पावलं चालायचं, बाभळीच्या बुंध्याशी ओतायची. संपलं. कितीतरी वर्षांनी त्यांना मोकळं वाटलं.

तो दिवस उजाडला. रुक्मिणीबाई पहाटे रांगेत गेल्या तेव्हा ती आधीच पहिल्या जागेवर उभी होती. त्यांनी आपली घागर तिच्यामागे लावली आणि घरी येऊन तसं सांगितलं. सकाळभर अर्जुनराव येरझाऱ्या घालत राहिले. चारला ते विहिरीवर गेले. जाळी काढली. पोहरा तयार होता, दोर तयार होता. तांब्याची घागर उन्हात हिरवी चमकत होती आणि तिच्या बुडाशी जमीन ओली होती.

आणि समोर चाळीस घरच्या बायका उभ्या होत्या.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. अर्जुनराव पन्नाशीचे, घडीच्या धोतरातले, टोपीतले, सोसायटीचे सेक्रेटरी. जन्मात त्यांनी कधी घागर ओढली नव्हती. आईने ओढली, बहिणींनी ओढली, मग बायकोने. बायकांच्या घोळक्यात उभं राहून पुरुषाने रहाट ओढायचा आणि तांब्याची घागर डोक्यावर नाहीतर खांद्यावर घेऊन सगळ्यांदेखत चालत जायचं. पलीकडच्या ओट्यावर सुंदरराव अडकित्ता हातात घेऊन बसलेले. कुणी विचारलं तर सांगायचं काय? त्यांनी दोराकडे हात नेला. बायनाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसतच होती असं काही नाही. उन्हाचाही पदर घेतला असेल. पण त्यांचा हात तिथंच थांबला.

"अगं ए," ते रुक्मिणीबाईंना म्हणाले, आणि आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला. "ही एक भरून घे. अन् बाभळीखाली वतून ये."

चौदा वर्षं त्यांना वाटत होतं की आपली चूक त्या बुटाच्या ठोकरीची. तसं असेलही. पण खरी चूक त्यांनी आत्ता केली, आणि ती करताना ती चूक आहे हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. पाणी बायकांनी ओढायचं. त्यात काय एवढं?

रुक्मिणीबाई पुढे झाल्या. त्यांनी त्या घागरीच्या गळ्यात हात घातला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मान जराशी कलती करून, कुणी लांबून हाक मारल्यासारख्या. मग त्या पोहरा सोडून ओढायला लागल्या. रहाट कुरकुरला नाही. त्या दिवशी पाणी चिखलाचं नव्हतं. नितळ होतं, पावसाळ्यासारखं. घागर काठोकाठ भरली, त्यांनी चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली आणि कुणालाही न उद्देशून म्हणाल्या,

"लागला बाई नंबर येकदाचा."

बायकांमधली कुजबुज थांबली. आवाज रुक्मिणीबाईंचाच होता. पण त्यांचं बोलणं माजलगावच्या बाजूचं, आणि हा हेल वेगळा होता, मेंढरामागे हिंडणाऱ्या बायकांचा. अर्जुनरावांना तर म्हाळूचे शब्द आठवले.

"थांब," ते म्हणाले. "मी... मी नेतो. दे इकडं."

त्या थांबल्या नाहीत. उजव्या हाताने घागर सावरत त्या बालोद्यानाकडे चालल्या, घसरगुंडी ओलांडून, झोपाळ्यांच्या मधून. अर्जुनराव मागून जवळजवळ धावत होते, आणि तरी अंतर कमी होत नव्हतं. बाभळीच्या बुंध्याशी त्यांनी घागर उतरवली, तोंड खाली केलं आणि सगळं पाणी ओतलं. जमिनीने ते पिताना आवाज केला. तापलेल्या मातीचा होतो तसा चुर्र नव्हे. घोट घोट. शेवटचा घोट संपेपर्यंत रुक्मिणीबाई वाकून तशाच उभ्या होत्या, आणि मग त्यांनी डावा हात पुढे केला, खाली नेला, आणि कमरेपाशी दुमडून घेतला.

परत येताना घागर त्यांच्याजवळ नव्हती. बाभळीखालीही नव्हती. डावी कंबर किंचित बाहेर काढून, डावा हात दुमडून त्या घराकडे आल्या आणि दारात थबकून म्हणाल्या, "ऊन लई हाय."

दुसऱ्या दिवसापासून रांगेत चाळीसच भांडी. नदीच्या बाजूचा आवाज थांबला. वसाहतीने सुटकेचा श्वास टाकला आणि बायनाबाई पुन्हा भांडायला लागली. अर्जुनरावांनी तीन दिवस बायकोकडे चोरून पाहिलं. ती जेवत होती, बोलत होती, देवाला फुलं वाहत होती. फक्त एकाच हाताने कामं करत होती.

त्यांनी इतिहासाचं पान पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी खरं लिहिलं. येथे बहात्तर साली खडी केंद्र होते. तेथे पाण्यावाचून कडूबाई म्हाळू व तिचे मूल मरण पावले. त्यांना बालोद्यानातील बाभळीखाली पुरले आहे. विहिरीचे पाणी तिच्या झिऱ्याचे आहे. सुंदररावांनी ते वाचलं, चष्मा काढला, पेन काढलं आणि चारही ओळींवर शांतपणे रेघ मारली.

"येडा झाला का काय, अर्जुनराव? प्लॉट कोन घेईल?"

माहितीपत्रक छापून आलं. 'ही जागा पूर्वी पडीक होती.' अर्जुनराव भांडले नाहीत. भांडायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं.

डाग त्यांना पहिल्यांदा आषाढात दिसला. रुक्मिणीबाईंचं लुगडं दोरीवर वाळत होतं, खडखडीत वाळलेलं, आणि डाव्या कमरेच्या जागी एक ओला ठसा होता. लहान मुलाच्या तळव्याएवढा. त्याला ओल्या वाळूचा वास होता. त्यांनी तो स्वतः साबण लावून धुतला. हो, त्यांनी, स्वतःच्या हाताने, अंगणात बसून. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लुगड्यावर तो त्याच जागी होता.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो भरभरून. नदी दोन्ही काठांनी वाहायला लागली, विहीर वरपर्यंत चढली. पाणी आलं की हे सगळं संपेल, अशी अर्जुनरावांनी मनाशी गाठ मारली होती. पण घरात चुलीपुढे बसून रुक्मिणीबाई हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायच्या. भात मऊ करून एका वाटीत वेगळा काढायच्या, आणि ती वाटी सकाळी घासलेली असायची. त्यांच्या गालांवर रंग आला होता. इतक्या सुखात त्यांनी बायकोला सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. काय सांगायचं? की हे तुझं नव्हे? ते माझ्या पायाने गेलं आणि माझ्या लाजेने आलं?

दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की डाग खाली सरकलाय. कमरेवर नव्हता आता. गुडघ्याच्या जरा वर, पोरं उभी राहून आईचं लुगडं धरतात त्या उंचीवर. आणि रुक्मिणीबाई दोन्ही हातांनी कामं करायला लागल्या होत्या.

कार्तिकातल्या एका सकाळी ते विहिरीकडे निघाले. जाळीची किल्ली अजून त्यांच्याच करगोट्याला होती. रुक्मिणीबाई दारात आल्या. त्यांचं लुगडं अर्जुनरावांनी नजर टाकून बघितलं, रोजच्यासारखं. आज कुठेच डाग नव्हता. कोरडं होतं.

"सावकास जावा," त्या म्हणाल्या. "अन् नदीकडं न्हेऊ नगा."

"कोनाला?"

रुक्मिणीबाई नुसत्या हसल्या आणि आत गेल्या.

अर्जुनराव पायरी उतरले. दहा-बारा पावलं गेले असतील, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला गार लागलं. ओलं, घट्ट, चार बोटांनी धरल्यासारखं. त्यांनी खाली पाहिलं. तिथं काही नव्हतं. करंगळी मात्र दुसऱ्या पेरापर्यंत भिजली होती आणि तिला वाळूचे कण चिकटले होते. हात झटकावा असं त्यांच्या मनात आलं, पण झटकवेना. एकदा त्यांनी झिडकारलं होतं, तेवढं पुरे होतं. त्यांनी पावलं आखूड केली.

विहिरीच्या वळणापाशी करंगळीला ओढ लागली. विहिरीकडे नाही, बाभळीकडेही नाही. त्यांच्या पलीकडे, उताराकडे, कडूबाईचा झिरा होता त्या बाजूला. नदी दोन्ही काठांनी भरून वाहत होती, वाळूचा कण दिसत नव्हता. तरी तिकडून आवाज येत होता. खर्र... थोडी शांतता... पुन्हा खर्र...